मे महिन्यात भरलेली विहीर

धुळे, १२ मे

पाणी फेक आधी. पत्र नंतर वाच.

उशाशी तांब्या असेल, तो. माठातलं पण. नाही फेकणार, माहितीय मला. "माझ्या बापाचं पाणी आहे मिसबाह, तुझ्या लॅबची बाटली नाही," असं म्हणालीस ना आखाजीच्या सणाला? दारात, सगळ्या आयाबायांसमोर, पोटावर हात ठेवून. बरं, नको फेकूस. उकळ तरी. नुसतं गरम नाही, खळखळ उकळी फुटू दे, थोडा वेळ तशीच राहू दे, मग निववून पी. एवढं करणार असशील तर पुढचं नाही वाचलंस तरी चालेल.

तू मला फोनवर ब्लॉक केलंयस म्हणून हा कागद. ज्योत्स्नाताई तुझं वजन-बीपी बघायला येते, तिच्या पिशवीतून येतोय. आशा वर्कर आहे, पोस्टमन नाही, तरी तयार झाली. तिच्यावर चिडू नकोस. ती पण घाबरलीय, फक्त तिला तुमच्या गावात रोज यायचंय म्हणून बोलत नाही.

आखाजीला मी काय बोलले ते मी विसरलेले नाही. यशोदामावशी घागर भरत होत्या. घागरीवर खरबूज, सांजोरी, दोन आंबे, सगळं मांडलेलं. पितरांचं नाव घेऊन पाणी ओतणार, आणि मी मध्येच म्हणाले, "मावशी, ह्या पाण्यानं नका भरू. ह्यात गटार येतंय." मावशी म्हणाल्या, "मिसबाह, आज सनना दिन शे. तोंड आवर." ईदला माझ्या हातावर शीरखुर्म्याची वाटी ठेवून "मनी दुसरी आंडेर", माझी दुसरी मुलगी, म्हणणारी तुझी आई. आज हातावर वाटीही ठेवू नये अशा नजरेनं बघत होती.

बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, मान्य. पण बाजूला सांगितलं असतं तर कोण थांबलं असतं? त्याच पाण्याचं सरबत फिरत होतं. तू दुसरा ग्लास उचलला होतास.

तुझे आबा हसले. आबा रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पोरी, मनी हीर मे महिनामा बी भरेल शे. पुरा शिवारमा कोनी शे आशी? सांग."

कुणाचीच नाही. तोच तर प्रश्न आहे, पुनम. सगळ्यांच्या विहिरी तळाला, आणि आबांची काठोकाठ. गाव रांग लावून नेतं, आबा कुणाला नाही म्हणत नाहीत, एक रुपया घेत नाहीत. देवमाणूस आहेत. म्हणून कुणी विचारत नाही की हे पाणी येतं कुठून.

झुलालकाकांना कावीळ झाली. मग त्यांच्या सुनेला. दोघं काविळीची माळ घालून फिरतायत, तेल-मीठ बंद केलंय, "ऊन बाधलं" म्हणतात. दोन्ही घरं आबांच्या विहिरीवर. ही कावीळ पाण्यातून येते आणि गरोदर बाईला जड जाते. जड म्हणजे काय ते मी लिहिणार नाही. तुला आठवा चालू आहे.

भुसावळला प्रेमराजला फोन केला मी. तुझा नवरा म्हणाला, "पहिलं बाळंतपण, माहेरी पाठवली. आता परत बोलावली तर सासऱ्यांना काय वाटेल?" रेल्वेत आहे ना तो? लाल सिग्नल दिसला की गाडी थांबवतात की ड्रायव्हरला काय वाटेल ते बघतात?

उकळ. प्लीज.

मि.


धुळे, १६ मे

निरोप मिळाला. "तिला सांग, मला जिऑलॉजी शिकवू नको."

शिकवत नाहीये. तुझंच तुला परत देतेय. जळगावला दुसऱ्या वर्षाला आपली फील्ड ट्रिप, आठव. सर मांजऱ्या खडकाचा तुकडा नाचवत होते, ह्याला भोकं आहेत, हा पाणी धरतो वगैरे. आणि तू मागून म्हणालीस, "सर, भोकं बंद आहेत. हा दगड पाणी पीत नाही, ह्याच्या भेगा पितात." सगळी बस तुला दिवसभर 'भेगामॅडम' म्हणत होती. मग तुझं लग्न ठरलं, मी एम.एस्सी. केलं, आता पाणी तपासायच्या लॅबमध्ये बाटल्या धुते. पण ते वाक्य तुझं होतं. माझं नाही.

तर भेगामॅडम, तुमच्या शिवाराखाली काय आहे? वर थोडी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, भेगाच भेगा. माती पाणी गाळते. मुरूम थोडंफार गाळतो. भेग काय गाळणार? भेगेत पाणी पाझरत नाही, पळतं.

आणि नाला. आपण पहिल्यांदा तुझ्या घरी आलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, पाऊस कधीचाच गेलेला, तरी नाल्यात पिंडरीभर स्वच्छ पाणी होतं. खेकडे पकडले आपण. ते पाणी पावसाचं नव्हतं. आजूबाजूच्या विहिरींची पातळी नाल्याच्या तळापेक्षा वर होती, जमिनीतलं पाणी हळूहळू नाल्यात उतरत होतं. विहिरी नाल्याला पाजत होत्या. मग बोअर झाले. एकाचे दोन, दोनाचे वीस, पातळी खाली खाली, आणि नाला कोरडा. आता उलटं झालंय. आता नाल्यात जे पडेल ते जमीन आत ओढते.

आणि आता नाल्यात काय पडतं? वरच्या वस्तीची नवीन गटार-लाइन. गाव खूश. "नाला बारमाही झाला." मे महिन्यात वाहतोय म्हणे! पुनम, वास घे ना एकदा. तू आत झोपून असतेस, वारा दुसरीकडून येतो, म्हणून.

त्या दिवसानंतर मी तुमच्या गावात पाय ठेवला नाही.

बरं, खोटं नको. काल गेले होते. घरी नाही आले, शेतात गेले. आबा नाल्याकाठच्या त्या मेलेल्या बोअरपाशी होते. रिचार्जचा खड्डा. तो करताना श्रमदानाला आपण दोघी होतो, मोठे दगड तळाला, त्यावर खडी, त्यावर वाळू. बोअरच्या केसिंग-पाइपला भोकं पाडून जाळी गुंडाळली. पुराचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडायचं. चांगलं काम होतं ते. अजून म्हणते, चांगलं होतं.

खड्ड्यात वाळू नव्हती.

"आबा, वाळू कुठे गेली?"

"काढी टाकी. तुंबाले लागनी व्हती. आते दख, बोर कसा गटगट पेस."

खरंच पीत होता. नाल्याचं काळं पाणी, चर खणून वळवलेलं, भोवरा करून आत जात होतं.

"आबा, ती वाळू पाणी गाळायला होती."

"गाळाले जमीन शे ना. देवनी गाळनी शे ती, तुमना कॉलेजनी नही."

मी लॅबचा रिपोर्ट पुढे केला. विहिरीच्या पाण्यात मैल्याचे जंतू. त्यांनी घेतला, चष्मा नाही म्हणून लांब धरला, घडी करून माझ्याच पर्समध्ये घातला. "कागद नको दखाडू. मले डोयाघाई दखाड, मंग मानसू." डोळ्यानं दाखव, मग मानतो.

मग मी घरी आले. एवढंच.

तू उकळतेयस का? ज्योत्स्नाताई म्हणाली की तू नुसती मान हलवलीस. हो म्हणून की नाही म्हणून?

मि.


धुळे, २० मे

व्हिडिओ पाहिलासच तू. सगळ्यांनी पाहिला. माझ्या आत्यानं मुक्ताईनगरहून पाठवला, "ये तेरी मिसबाह है क्या" म्हणून.

त्यात काय दिसतं? आबांची विहीर, कठड्यापाशी मी, डोक्यावरून ओढणी, हातात रिकामी पुडी. पाणी भरायला आलेल्या सुकदेवच्या बायकोच्या बादलीत पाणी पोपटी, चमकणारं. आणि मागून बाप्याचा आवाज, "रंगारीनी पोर शे, धुळानी. पुडी दखा तिना हातमा." बस. तेवढ्याच तुकड्यानं जिल्हा फिरला.

व्हिडिओत नाही ते ऐक.

गेल्या पत्रात 'मग मी घरी आले' लिहिलं ते अर्धं होतं. घरी यायच्या आधी मी आबांना म्हणाले, डोळ्यानं दाखवते. लॅबमध्ये एक पावडर असते, पाणी कुठून कुठे जातं ते बघायला वापरतात. पावडर केशरी, पाण्यात पडली की पोपटी. पिणाऱ्याला काही होत नाही. अब्बूंच्या सूत रंगवायच्या कारखान्यातली नाही, हे मोठ्यानं वाच. अब्बूंचा रंग आयुष्यात त्या गावात गेला असेल तर सुताच्या लडीवर बसून. मी म्हणाले, ही इथे खड्ड्यात टाकू. विहिरीत आली नाही तर मी मावशींच्या पाया पडते, पुन्हा तोंड उघडणार नाही. आबा म्हणाले, "आन."

दोन दिवसांनी मी आणली. आणि पुडी मी नाही टाकली, पुनम. आबांनी टाकली. माझ्या हातातून घेतली, उघडून वास घेतला, म्हणाले, "इतलीशी पुडीघाई काय व्हस?" आणि ओतली. रिकामी पुडी मला परत दिली, कचरा नको म्हणून. तीच व्हिडिओत आहे.

मग त्यांनी केळीला पाणी द्यायला मोटर चालू केली आणि आम्ही निंबाखाली बसलो. भाकरी सोडली त्यांनी. "आमना घरनं पानी नही पेत तू. भाकर तरी खाशी का तिनामा बी जंतू शेतस?" मी खाल्ली. ठेचा एवढा तिखट की डोळ्यांत पाणी, आणि प्यायला समोर फक्त त्यांचा तांब्या. बघत राहिले माझ्याकडे. हसत होते. मी नाही प्याले. तुझ्या लहानपणाचं सांगत होते काहीतरी, तू विहिरीत चपला टाकायचीस ते. मला वाटलं, आज संध्याकाळपर्यंत सगळं नीट होईल. खरंच वाटलं.

मग विहिरीकडून किंकाळी आली.

मला वाटलं होतं उद्या-परवा दिसेल. भाकरीचा शेवटचा तुकडा हातात होता. मोटर चालू होती, विहीर उपसली जात होती, तिनं ओढून घेतलं.

सगळे धावले. आबा मागून आले, सावकाश. बादलीत बघितलं. मग माझ्याकडे. पुनम, त्यांना कळलं. त्या एका बघण्यात त्यांना सगळं कळलं, नाला, बोअर, भेग, विहीर, झुलालकाका. मी थांबले. ते आता बोलतील, "पुडी मीच ओती." मोबाइल वर झालेले, कुणीतरी "विष" म्हणालं, कुणीतरी माझं नाव विचारलं आणि नाव ऐकून दुसरंच काही म्हणालं. आबांनी बादली उचलली, लिंबाच्या आळ्यात ओतली आणि म्हणाले, "मोटर बंद करा."

एवढंच बोलले.

तू विचारशील, मग तू का गप्प बसलीस? आखाजीला तर लई तोंड चाललं होतं. तेच तर. एकदा मी त्या माणसाला त्याच्या अंगणात खाली बघायला लावलं होतं. दुसऱ्यांदा, सगळ्या गावासमोर, "हे ह्यांनी केलं" म्हणायला जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडच्या बाजारात अब्बूंची गाडी उभी राहू दिली नाही. लडी मातीत. गाडीची बाजूची काच गेली. अब्बू घरी आले, हात धुतले, आणि म्हणाले, "एक चुटकी में पूरा कुआँ रंग जाए, इतना पक्का रंग मेरेकू आता, तो मैं धुलिया में बैठता क्या?" अम्मी हसली. मग रडली.

मला माफी नको, साक्ष नको. आबांना फक्त एकदा विचार, पुडी कुणी ओतली. आणि ते खरं सांगतील तेव्हा तुला कळेल की विहिरीत फक्त रंगच आला नाहीये. त्याच वाटेनं रोज सगळं येतंय, बिनरंगाचं.

सध्या गाव ते पाणी पीत नाही म्हणे, टँकर मागवला. माझ्या आयुष्यात एवढ्या शिव्या खाऊन एवढी खूश मी कधी झाले नव्हते.

मि.


धुळे, २३ मे, घाईत

ज्योत्स्नाताई दारात उभी आहे, तिला बस आहे. ती म्हणते, आज गावानं विहीर उपसायला काढलीय. तीन मोटरी लावल्या, पार तळ दिसेपर्यंत. मग आत उतरून घासणार, चुना, नारळ, हळदकुंकू, आणि उद्यापासून परत प्यायचं. "विहीर साफ झाली" म्हणून.

पुनम, थांबव.

तळ दिसला की विहीर भरणार कशानं? पावसानं? मे महिन्यात? विहीर रिकामी केली की ती चहूबाजूंनी ओढते, आणि तिच्या सगळ्यांत जवळ, सगळ्यांत भरलेलं काय आहे? नाला. एका मोटरीनं रंग भाकरी संपायच्या आत आणला. तीन मोटरी काय काय आणतील? जितकं जास्त धुतील तितकं जास्त गटार येईल. आणि दिसेल स्वच्छ. पोपटी रंग धुऊन जाईल, पाणी नितळ दिसेल, आणि लोक आनंदानं पितील.

रंग दिसेना तरी हे पाणी पिऊ नये असं मी कसं समजावू? मीच रंग दाखवून समजावायला गेले होते.

तू सांग. तुझं ऐकतील. तू आबांची मुलगी आहेस, सात पिढ्या तिथल्या आहेत, तुझ्या नावात काही खटकत नाही कुणाला. ओट्यावर ये आणि ओरड. नाहीच जमलं तर तुझ्यापुरतं तरी

बस आली.


तुमच्या ओट्यावर, २८ मे

हो, इथेच आहे. तुझ्या बंद दाराच्या ह्या बाजूला. आत तू, बाहेर मी, मध्ये आबांनी केलेलं सागाचं दार. "तिला आधी घालव, मग बोलते," म्हणालीस मावशींना. ऐकलं मी. म्हणून लिहितेय, अब्बूंच्या पावतीबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर.

काल आबा धुळ्याला आले. एसटीनं, भर उन्हात. कारखान्याच्या दारात उभे. अब्बू सूत पिळत होते, कोपरापर्यंत जांभळे हात.

"आओ पाटील," अब्बू म्हणाले. जणू रोज येतात.

आबा बसले नाहीत. "नासीरभाऊ, ती पुडी मीच ओती व्हती."

"मालूम है."

"कोनी सांगं? पोरनी?"

"उसने आपका नाम नहीं लिया. मेरी लडकी चुप बैठी तब ही मैं समझा, कुछ बडा है."

अम्मीनं पाणी दिलं. आबांनी ग्लास उजेडाकडे धरून बघितला, आरपार. बघितल्यावर स्वतःचीच लाज वाटल्यासारखे हसले, आणि एका दमात प्याले. मग माझ्याकडे वळले.

"पुनमना डोया पिवळा व्हई ग्यात."

मी त्यांच्या हातातला ग्लास घेतला.

"ताप शे. जे खास ते वकी टाकस. दवाखानामा येत नही. मावशी तुनी म्हनस, नाकमा औषध टाकाले लई जाऊ. आनी पुनम म्हनस, मी दवाखानामा गयी तं गाव आबाले नाव ठेई." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "आबाले नाव! आठे मना जीव जाई ऱ्हायना, त्यानी पडेल नही तिले. नाव!"

मी विचारलं, "आबा, गावात सांगाल? पुडीचं?"

"पहिले पोर."

मला राग आला होता. सांगून टाकते. वाटलं, अजूनही नाही सांगणार. म्हातारा दारात रडेल पण चावडीवर बोलणार नाही. अब्बूंनी माझ्या चेहऱ्यावरचं वाचलं आणि सूत बाजूला टाकलं. "गाडी है. शादी की तारीखें हैं, गाँव में जीप मिलेगी नहीं. सुबह आता मैं." फुटक्या काचेला पुठ्ठा लावलाय अजून. त्याच गाडीनं, त्याच गावात.

आता आज सकाळ. तू आतून ऐकलंस तेवढं ऐकलंस, जे दिसलं नाही ते लिहिते.

आम्ही आलो तर आबांनी रिचार्जचा खड्डा परवाच बुजवलेला. ट्रॅक्टरनं काळी चिकणमाती आणून, धुमसून, केसिंगला टोपण ठोकून. चर मोडला. आणि उपसून परत भरलेली विहीर उतरलीय, पुनम. आत डोकावले मी. पहिली पायरी, दुसरी, सगळ्या उघड्या. ती भरलेली विहीर नाल्याचीच होती, नाला तोडला आणि ती बाकीच्यांसारखी झाली. बायका हंडे घेऊन अंगणात. सुकदेवची बायको सगळ्यांत पुढे. "आबा, हायी काय करं तुम्ही? भरेल हीर मारी टाकी! आते पेवाले काय?"

"टँकर येई."

"टँकर तं रंगनी पोरना मुळे येस! तिले आनी परत आठे बसाडं?" माझ्याकडे बोट.

आणि आबा, इथेच, ह्या ओट्याच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "तिले काय नको बोलू. पुडी मीच ओती व्हती. ह्या हातघाई. हीरमा नालानं पानी येस, मले तवयच समजनं. मी बोलनू नही. झुलालभाऊ, तू दोन महिना माळ घाली फिरना, ते मना पानीघाई." झुलालकाका समोरच होते, खांबाला टेकून, अजून पिवळे. झुलालकाका खाली बसले. मग आबांना नावानं हाक मारून म्हणाले, "तू तं देवना सारखा पानी दिन्हं रे चुडामण." शिवी होती की काय होतं, मला कळलं नाही. आबांनाही कळलं नसावं.

तुझी खिडकी उघडी आहे. तू ऐकलंयस. तर मला सांग, आता तू कुणाची अब्रू राखतेयस? ज्याची राखत होतीस त्यानं ती आत्ता पायरीवर ठेवली, तुझ्यासाठी, सगळ्या गावासमोर. आता ह्या दाराआड राखायला काही उरलेलं नाही. तू आणि ते पोर, बस.

घाबरवायचं नाही ठरवलं होतं. घाबर थोडी. हा आजार शरीरात शिरून आठवडेच्या आठवडे दबा धरतो. आज डोळ्यांत दिसतंय ते एप्रिलच्या पाण्याचं. रंगाचं नाही, उपसण्याचं नाही, माझ्या पत्रांचं नाही. मी आखाजीला ओरडले तेव्हाच कदाचित उशीर झालेला होता. म्हणून पाण्याचं भांडण आज संपलं, त्यात कोण जिंकलं ते मरू दे. आता भांडण फक्त वेळेशी आहे. नाकातल्या औषधानं हा आजार जात नाही. सिव्हिलला ज्योत्स्नाताई आधीच गेलीय, केसपेपर काढून उभी असेल. प्रेमराज भुसावळहून निघालाय, ह्या वेळी त्याला काय वाटेल ते त्यानं विचारलं नाही.

गाडी दारात आहे. अब्बूंनी मागे दोन गाद्या टाकल्यात, वर सुती चादर, कोरी, न रंगवलेली. मावशी पुढे बसतील. आबा मागे, तुझ्याजवळ.

मी येत नाहीये.

मी असले तर तू उंबऱ्यातून परत फिरशील. नाही म्हणू नकोस, एका खोलीत तीन वर्षं राहिलेय मी तुझ्याबरोबर. मीठ कमी पडलं म्हणून दोन दिवस जेवायची नाहीस, आणि कुणी बघत नसलं की डबा पुसून खायचीस. तर मी बघत नाहीये. हा कागद खिडकीतून आत टाकते आणि बांधाबांधानं हायवेला जाते, तिथून मिळेल त्या गाडीनं. मागे वळून बघणार नाही, वळले तर थांबेन, आणि थांबले तर तू मला बघशील.

अब्बूंनी इंजिन चालू केलं. आबा चपला हातात घेऊन उभे आहेत, तुझ्या. डाव्या-उजव्याची अदलाबदल झालीय त्यांच्या हातात, त्यांना कळत नाहीये.

कडी वर आहे. तुझा हात पोचत नसेल आता, पोट आडवं येत असेल. स्टुलावर चढू नकोस, मावशींना हाक मार, त्या फटीतून काठीनं काढतील.

घे. टाकला कागद. गेले मी.